शहीद द्वीपावर एकटा

मी धाराशिव जिल्ह्यातला माणूस. टँकर कधी येणार आणि तलावात किती टक्के पाणी उरले, या हिशेबात माझी कृषी खात्यातली २८ वर्षे गेली. समुद्र पाहिला होता तो एकदाच, गणपतीपुळ्याला, आणि तोही सहलीच्या गाडीतल्या गलबल्यात. अंदमानच्या एका चिमुकल्या बेटावर मी एकटा उतरेन, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

जायचे होते ते दोघांनी. लग्नाला ३० वर्षे होत आली, पण सौ.ला कुठे नेणे झाले नव्हते. खरीप उरकला की रब्बी, रब्बी उरकली की पाहुणेरावळे. शेवटी गेल्या वर्षी दिवाळीनंतरची दोन तिकिटे काढली. निघायला चार दिवस असताना मुलीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले. तिचा सातवा महिना होता. सौ. म्हणाली, "मी तिच्यापाशी थांबते. तुम्ही जाऊन या. एकाचे तरी पैसे वाया जायला नकोत." मी नको म्हणालो, पण खरे सांगायचे तर फार जोरात म्हणालो नाही. ही गोष्ट मला विमानात बसल्यावर टोचू लागली. पिशवीत तिने दिलेल्या दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी.

पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. तिथून बोटीने दोनेक तासांत नील बेट येते. त्याचेही नाव २०१८ पासून शहीद द्वीप आहे, पण बोटीवरची माणसे अजून नीलच म्हणतात. धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा पाणी इतके स्वच्छ होते की तळाचे दगड मोजावेत. भोवती सगळी जोडपी. उताऱ्याच्या घरमालकाने वहीत पाहिले आणि विचारले, "दोन माणसे लिहिली आहेत, वहिनी कुठे?" मी सांगितले. तो "अच्छा" म्हणाला आणि खोलीतली दुसरी उशी काढून घेऊन गेला. उगीचच वाईट वाटले.

हे बेट तुम्हाला आवडेल, कारण ते शेतकऱ्यांचे बेट आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले. जंगल तोडून त्यांनी जमिनी केल्या. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. आज इथला भाजीपाला बोटीने राजधानीला जातो. नारळाच्या करवंट्या आणि शंखशिंपल्यांच्या दुकानांमागे वांगी, भेंडी, केळी आणि सुपारीच्या बागा आहेत. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या चौपट. तरी उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, म्हणून शेतात तळी खणलेली. आपल्या शेततळ्याची गोष्ट मला तिथेही भेटली.

दुपारी मी लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याकडे चालत निघालो. ओहोटी लागली होती. पाणी मागे हटले होते आणि खडकांच्या खळग्यांत लहान मासे अडकून राहिले होते. मी त्यांच्यातच रमलो. मान वर केली तर सूर्य बुडत होता. घड्याळात पाच वाजायचे होते! देशभर घड्याळ एकच, पण हे बेट आपल्यापासून १७ रेखांश पूर्वेला. एका रेखांशाला चार मिनिटे धरा, म्हणजे आपल्याहून तासभर आधीच इथला दिवस संपतो. हे मला कळते, शाळेतल्या पोरांना मी समजावूनही दिले आहे. पण अंधार पडताना अंगावर काटा आला तो आलाच. भोवती माणूस नाही आणि पाण्याचा आवाज जवळ येऊ लागलेला. भरती किती वेगाने चढते याची मला काडीची माहिती नव्हती. ज्याला गावोगाव "साहेब, कधी पेरू?" असे विचारतात, तो मी तिथे अडाणी होतो. चपला हातात घेऊन झपाझप परत फिरलो.

उताऱ्यावर आलो तर बागेत दोन-तीन विजेऱ्या हलत होत्या. घरमालक, त्याची बायको आणि म्हातारी आई वाकून काही वेचत होती. हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या. मी जवळ जाऊन पाहिले आणि ओळखले. आफ्रिकन गोगलगाय! दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजेने अंदमानचा ताबा घेतला, तेव्हा ती इथे आली असे सांगतात. आणि आपल्याकडे? २०२२ चा जुलै विसरलात का? लातूर, बीड, धाराशिवात कोवळे सोयाबीन एका रात्रीत साफ, आणि दुबार पेरणी.

त्या वर्षी मी गावोगाव सांगत फिरलो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाला ठेवा, त्याखाली गोळा झालेल्या सकाळी वेचा, मिठाच्या पाण्यात बुडवा, उघड्या हाताने धरू नका. सल्ला बरोबर होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले होते, "साहेब, तुम्ही एक रात्र तरी वेचल्या का?" मी गाडीत बसलो होतो. काच वर केली.

त्या रात्री मी म्हातारीकडे पिशवी मागितली. ती म्हणाली, "दादा, तुम्ही पाहुणे, बसा." पण दिली. दोन तास वेचल्या. कंबर मोडली. पानाखाली, केळीच्या बुंध्याशी, ओल्या पाल्यात. एक काढावी तर मागे तीन. म्हातारी म्हणाली, पावसाळ्यात रोज संध्याकाळी हेच काम, पोरे अभ्यास संपवून येतात. "एकट्याने होत नाही," ती म्हणाली, "आणि शेजाऱ्याने नाही वेचल्या तर त्याच्या आपल्याकडे येतात." एवढी साधी गोष्ट मी कुठल्या सभेत सांगितली नव्हती. प्रत्येकाला आपापले शेत सांगत राहिलो.

जेवायला त्यांनी मला आपल्यात बसवले. मी दशम्या काढल्या, चटणी वाढली. म्हातारीने ती भाताला लावून खाल्ली आणि डोळ्यांना पदर लावून हसली.

रात्री कसाबसा फोन लागला. मुलगी बरी होती. सौ.ने विचारले, समुद्र कसा आहे? मी म्हणालो, अजून नीट पाहिला नाही, गोगलगायी वेचत होतो. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन? बरे झाले मी आले नाही."

"पुढच्या वर्षी येशील?" मी विचारले.

"बघू," ती म्हणाली. "बाळाला सांभाळायला कोणी असले तर."