रोगाचे पुरते नाव

रोगाला नाव मिळाले की माणूस खचतो, असा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. नाव मिळेपर्यंतचे दिवस अधिक कठीण असतात, आणि मिळालेले नाव अपुरे असेल तर ते आणखी लांबतात.

नारायणगुड्यात राहणारे माझे थोरले बंधू यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, तेव्हा ना वेदना होती, ना ताप. एका दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून तीन महिने गोळ्या देण्यात आल्या. रक्त थांबे, पुन्हा दिसे. अखेर सोनोग्राफीत मूत्राशयाच्या माथ्याशी गाठ दिसली. दुर्बिणीतून तुकडा काढला गेला. अहवालात ‘ॲडिनोकार्सिनोमा’ एवढेच होते.

मूत्राशयाचे सुमारे ९० टक्के कर्करोग त्याच्या आतील अस्तराचे असतात आणि तंबाखू हे त्यांचे मोठे कारण. दादांनी कधी विडी ओढली नाही. त्यांचा ग्रंथीसदृश पेशींचा प्रकार शंभरांत जेमतेम एक-दोन. तो मूत्राशयातच उपजला की आतड्यातून पसरत आला, हे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अनेकदा ठरत नाही. म्हणून सीटी स्कॅन झाला, आतडेही दुर्बिणीने तपासले. ते निर्मळ निघाले. गाठ ‘युरेकस’ची होती. गर्भावस्थेत मूत्राशयापासून बेंबीपर्यंत जाणारी ही नळी पुढे मिटते व तिची दोरी उरते. क्वचित त्या अवशेषात कर्करोग मूळ धरतो.

या नावाने उपचारांची दिशा बदलली. संपूर्ण मूत्राशय काढून पोटाला पिशवी लावावी लागेल, ही धास्ती टळली. शल्यविशारदांनी मूत्राशयाचा वरचा भाग, ती दोरी आणि बेंबी एकत्र काढली. अस्तराच्या वरवरच्या कर्करोगात १९७६ पासून परिचित झालेला बीसीजीचा उपचार येथे कामाचा नव्हता. पुढे औषधे लागलीच, तर तीही बहुधा आतड्याच्या कर्करोगावरची असतील, असे त्यांनी सांगितले. शुद्धीवर आल्यावर दादा म्हणाले, “नाळ पुरली परभणीला, बेंबी गेली हैदराबादेत. आता दोन्ही गावांचा झालो!” वहिनी हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या.

दुर्मिळपणाही स्थळकाळावर ठरतो. खवलेदार पेशींचा प्रकार आपल्याकडे विरळा. इजिप्तमध्ये मात्र पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या एका परजीवी कृमीमुळे तोच दीर्घकाळ नेहमीचा होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी मूत्रमार्गाच्या तशाच कृमिरोगाचा आढळ गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली नोंदविला होता. “आपण मूळचे कुठले?” हा आपल्या घराघरांतला प्रश्न वैद्यानेही विचारावा, तो असा.

दादांना चार वर्षे झाली. तपासणीचा दिवस जवळ आला की घर अजूनही गप्प होते. वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते : वेदना नाही म्हणून लघवीतील रक्ताकडे दुर्लक्ष करू नये. अहवालात अनोळखी प्रकार लिहिलेला असेल, तर त्या तुकड्याच्या काचा दुसऱ्या जाणत्या रोगनिदानतज्ज्ञाला दाखवाव्यात. रेड हिल्सचे मेहदी नवाझ जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय १९५५ पासून आपल्याच शहरात आहे. नेमके नाव कळायला आठवडा अधिक लागला तरी चालेल. शस्त्रक्रिया त्यानंतर व्हावी.