घरच्या फिल्मसाठी कॉम्प्युटर घेताना

मंगल परिणय असो, नामकरण असो की वस्तीतली भीमजयंती असो, शूटिंग झाल्याशिवाय कार्यक्रम पार पडला असे आता कुणाला वाटतच नाही. पूर्वी त्यासाठी व्हिडिओवाला बोलवावा लागे. तो खांद्यावर कॅमेरा आणि मागे लाइट धरणारा पोरगा घेऊन येई, नंतर महिना-दोन महिने चकरा मारायला लावी आणि शेवटी एकदाची कॅसेट हातात ठेवी. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. शूटिंग फुकट झाले. पण पुढचे काम, ज्याला व्हिडिओवाले ‘मिक्सिंग’ म्हणतात, ते बहुतेकांच्या बाबतीत अजून दुकानातच जाते. ते घरी आणायचे तर कॉम्प्युटर कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, असे अनेक समाजबांधव आम्हास विचारतात. आम्ही काही इंजिनिअर नव्हे, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. परंतु पगारातून पै-पै बाजूला काढणाऱ्या माणसालाच हा प्रश्न नीट कळतो, असे आमचे मत आहे.

मुळात हे काम घरी कशासाठी करायचे? २००६ साली आमच्या नात्यातल्या एका मंगल परिणयात आमच्या वडिलांना पाहुण्यांनी आग्रह केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वडील आजोबांबरोबर नागपूरला होते, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्या दिवसाची हकिकत त्यांनी मांडवात वीस-पंचवीस मिनिटे सांगितली. कॅमेरा चालू होता. पुढे मिक्सिंग होऊन आले तेव्हा त्यात गुलाबाची फुले उडत होती, बदाम फिरत होते, आणि वडील अर्धा मिनिट नुसते ओठ हलवताना दिसत होते. आवाजाच्या जागी सिनेमाचे गाणे. आम्ही मूळ कॅसेट मागायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “साहेब, त्यावर दुसऱ्या पार्टीचं शूटिंग झालं.” वडील २००९ साली कालकथित झाले. त्यांचा बोलतानाचा आवाज आज आमच्या घरात कुठेही नाही.

वडिलांची धाकटी बहीण, आमची आत्या, त्या दिवशी आठ वर्षांची होती. ती सुदैवाने आहे आणि आमच्याकडेच असते. मागच्या वर्षी आमच्या मुलीने फोनवर तिचे बोलणे घ्यायला सुरुवात केली. “आजी, जरा उजेडाकडे तोंड कर,” असे मुलीने म्हटले की आत्या म्हणे, “परीक्षा आहे का माझी?” असे करत सहा तासांचे बोलणे जमले. ते दुकानात द्यायचे नाही हे घरात सर्वांनी एकमताने ठरवले आणि मग कॉम्प्युटरचा शोध सुरू झाला.

आम्ही आधी दुकानात गेलो नाही, आधी माल मोजला. साध्या फुल एचडीमध्ये आमच्या फोनचे एक तासाचे शूटिंग साडेसात जीबीच्या आसपास भरते. सहा तासांचे झाले ४५ जीबी. फोर-के लावले असते तर याच्या तिपटीच्या घरात गेले असते, आणि म्हाताऱ्या माणसाचे बोलणे ऐकायला फोर-के लागत नाही. शिवाय २००४ सालच्या भीमजयंतीच्या तीन मिनी-डीव्ही कॅसेट होत्या. त्यातली एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की १३ जीबी होते. ती उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते, ती नव्या कॉम्प्युटरला नसते. म्हणून तेवढे काम जुना कॅमेरा आणि जुनी मशीन राखून असलेल्या एका ओळखीच्याकडून समोर बसून करून घेतले. ज्यांच्याकडे व्हीएचएस कॅसेट आहेत त्यांनी तर उशीर करू नये. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली. आता जे चालू आहेत ते जुनेच, आणि कॅसेटची फीतही वर्षागणिक खराब होत जाते.

मग लॅमिंग्टन रोड. तिथे एकाने सांगितले, एडिटिंगला सव्वा लाखाखाली बोलूच नका. दुसऱ्याने आठ हजारांत ‘आय-सेव्हन’ देऊ केला. हे दोघेही आपल्या कामाचे नव्हेत. ‘आय-सेव्हन’ या नावाला भुलू नये, त्यापुढचा आकडा वाचावा. ४७७० म्हणजे चौथी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आपल्या कामाला बरा. कारण असे की, फोनचे शूटिंग दाबून भरलेल्या गाठोड्यासारखे असते, ते प्रत्येक वेळी उलगडून दाखवावे लागते. नव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये हे उलगडण्याची सोय आतच असते, वेगळे ग्राफिक कार्ड नसले तरी चालते. मात्र आकड्याच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर ती आतली सोय नसते, हेही पाहून घ्यावे. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते, आणि विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. (तारीख वाचून आम्हास हसू आले. आत्याला सांगितले तर ती म्हणाली, “त्यांनाही हाच दिवस सापडला का!”) ज्यांच्याकडे त्याहून जुनी मशीन आहे त्यांनी ती भंगारात घालायची घाई करू नये, लिनक्स टाकून हलके काम तिच्यावर होते.

आम्ही २०२५ च्या सुरुवातीला, कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेली आठव्या पिढीची आय-फाइव्ह मशीन घेतली. १५,५०० रुपये. आत ८ जीबी रॅम होती, आणखी ८ टाकली, १,६५० रुपये. जुना बावीस इंची मॉनिटर ३,२००, की-बोर्ड आणि माउस ५५०. बाहेरून लावायच्या दोन हार्ड डिस्क ८,९०० रुपयांना. एकूण २९,८००. त्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा आमचा आकडा दुकानदारापुढे धरून भांडू नये. पैसे कमी पडत असतील तर मॉनिटर नंतर घ्यावा, घरचा टीव्ही लावून भागते. पण १६ जीबी रॅम आणि आत एसएसडी या दोन गोष्टींत काटकसर करू नये. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देते, साधी एसएसडी पाचशेपर्यंत देते; माउस दाबल्यावर चित्र हलायची वाट पाहत बसण्यात मुलांचा उत्साह मरतो. एकदम साठेक हजार ज्यांना जमतात त्यांनी २०२४ सालचा एम-फोर मॅक मिनी पाहावा. त्यात १६ जीबी रॅम आहे आणि आयमूव्ही फुकट मिळते. आमच्या पगारात ते बसले नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत दुकानदार पहिल्यांदा विचारतो, “प्रीमियर टाकून देऊ का?” टाकून देऊ म्हणजे चोरीचे. अॅडोब २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्यानेच देते, दर महिन्याला पैसे भरावे लागतात. चोरीच्या प्रतीबरोबर कोणता व्हायरस घरात येईल याचा भरवसा नाही, आणि एका रात्रीत सहा तासांचे शूटिंग जाऊ शकते. शिवाय फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर असताना आपण चोरी का करावी? डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फारच समर्थ आहे, सिनेमाची माणसे रिझॉल्व्ह वापरतात. पण तिला वेगळे ग्राफिक कार्ड लागते, आमच्या मशीनवर ती धापा टाकू लागली. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, पैसे नाहीत, मुदत नाही, चित्रावर त्यांचा शिक्का येत नाही. आम्ही केडेनलाइव्ह ठेवले. त्यात ‘प्रॉक्सी’ म्हणून एक सोय आहे. ती मूळ शूटिंगच्या हलक्या प्रती करते, आपण त्यांच्यावर कापाकापी करायची, आणि अखेरची फिल्म मात्र मूळ मालातून निघते. कमजोर मशीनला याने फार आधार मिळतो.

निवड करताना एक परीक्षा अवश्य घ्यावी. शीर्षकाच्या जागी ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ आणि ‘बुद्धविहार’ टाइप करून पाहावे. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी उडी मारून पलीकडच्या बाजूला बसते. जे सॉफ्टवेअर आपले शब्द नीट लिहीत नाही, ते कितीही नावाजलेले असो, आपल्या घरच्या फिल्मला काय कामाचे?

मुलगी पहिल्या दिवशी घाबरली होती, कापले तर मूळ जाईल म्हणून. आम्ही तिला कारकुनी भाषेत समजावले. व्हाउचर फाइलमध्ये जसेच्या तसे राहते, खतावणीत फक्त नोंद होते. सॉफ्टवेअरही कुठून कुठपर्यंत दाखवायचे एवढीच नोंद ठेवते, मूळ शूटिंगला हात लावत नाही. पण व्हाउचरची फाइल दुसऱ्या कपाटात हलवली तर नोंद निरर्थक होते, तसे शूटिंगचे फोल्डर मध्येच हलवू नये. आणि नातेवाइकांकडून शूटिंग मागवताना व्हॉट्सअॅपवर साध्या व्हिडिओसारखे मागवू नये, ते पिळून लहान होऊन येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावे.

एका ठिकाणी आमचे गाडे अडले. आत्याचे ओठ आणि आवाज पुढेपुढे जुळेनात. फोन उजेड कमी झाला की सेकंदाला कमी चित्रे घेतो, त्यामुळे असे होते. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घेतले की जुळते.

खरी चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीवर. आत्या बोलता बोलता थांबते. आजोबांनी गर्दीत तिचा हात कसा घट्ट धरला होता ते सांगताना ती जवळजवळ एक मिनिट गप्प बसली आहे, नुसती पदराशी चाळा करते. मुलगी म्हणाली, “पप्पा, हे कापते, लोक कंटाळतील.” आमच्या पत्नी म्हणाल्या, राहू दे. दोन रविवार वाद चालला. ते मिनिट फिल्ममध्ये आहे, त्याखाली गाणेही लावलेले नाही. (गाण्याचे म्हणाल तर, दुसऱ्याचे गाणे लावून यूट्यूबवर टाकले की कंपनीचा दावा येतो, मग आवाज बंद केला जातो किंवा जाहिरातीचे पैसे त्यांना जातात.)

फिल्म ५२ मिनिटांची झाली. सहा तासांचे मूळ शूटिंग दोन्ही हार्ड डिस्कवर आहे. एक आमच्या कपाटात, दुसरी धाकट्या भावाच्या घरी वर्ध्याला. दर सहा महिन्यांनी दोन्ही लावून पाहायच्या, असे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. आत्याच्या बरोबरीची, त्याच गर्दीत असलेली एक बाई तिकडच्याच एका खेड्यात राहते असे भावाने कळवले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी आणि आम्ही तिकडे जाणार आहोत. फोन हातात धरून चित्र हलते, म्हणून एक तिपाई आणि कॉलरला लावायचा छोटा माइक तेवढा घ्यायचा आहे.