रॉकेट पाहायला जाताना

लग्नाला जावे तसे रॉकेट पाहायला जाऊ नये. लग्नाचा मुहूर्त टळला तरी अक्षता पडतातच. रॉकेटचे तसे नाही. १५ जुलै २०१९च्या पहाटे चांद्रयान-२ निघायचे होते. खुद्द राष्ट्रपती श्रीहरिकोट्याला येऊन बसले होते. ५६ मिनिटे उरली असताना यंत्रात दोष दिसला आणि घड्याळ थांबवले. यान निघाले ते २२ तारखेला! म्हणून माझा पहिला सल्ला हा, की परतीचे तिकीट एक-दोन दिवस हातचे राखून काढा आणि नुसतेच परतायचीही मनाची तयारी ठेवा.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रॉकेटच्या पोटात काय चालते ते मला विचारू नका. मी सांगतो ते प्रेक्षकाचे शास्त्र. इस्रोने २०१९मध्ये श्रीहरिकोट्याला सामान्य माणसांसाठी प्रेक्षागार उघडले. प्रवेश मिळणार असे जाहीर झाले, की इंटरनेटवर नाव नोंदवावे लागते. आणि दिवाळीतल्या गाडीच्या आरक्षणासारखे, जरा डुलकी लागली की जागा संपल्याच! ओळखपत्र खिशात हवे. चेन्नईहून आगगाडीने उत्तरेला सुळ्ळूरपेट गाठावे. तिथून पुढचा रस्ता पुलिकत सरोवर ओलांडून जातो. डोक्याला टोपी हवीच.

२ सप्टेंबर २०२३ला सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी आदित्य-एल१ उडाले, तेव्हा मुलीला घेऊन मी तिथे होतो. ४४ मीटर उंचीचे ते धूड ज्वाळेवर उभे राहून वर निघाले. पण आवाज नाही!

“बाबा, आवाज कुठंय?”

प्रकाश आधी, ध्वनी मागून. एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. हे वाक्य वीस वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो आहे. म्हटले, “मोज.”

ती बोटांवर मोजू लागली. दोन्ही हातांची बोटे संपली, पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात झाली, आणि मग तो आला. कानांत नव्हे, छातीत! मुलीने माझा हात घट्ट धरला. फळ्यावरचे ते कोरडे वाक्य त्या क्षणी आम्हां दोघांच्या अंगातून गेले. म्हणून सांगतो, त्या वेळी हात मोकळे ठेवा, त्यात फोन नको. चित्रे काय, संध्याकाळी घरबसल्या मिळतात.

आणि शेवटचे. रॉकेट दिसेनासे झाले, की लोक भराभर उठतात. तुम्ही बसून राहा. आदित्य रॉकेटपासून सुटा झाला तो ६३ मिनिटांनी, आणि १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या मुक्कामी पोचला तो ६ जानेवारी २०२४ला. दृष्टीआड झालेल्याची अशी वाट पाहणे मास्तराला नवे नाही. हाताखालून गेलेले एखादे पोर कुठवर पोचले, हे कळायला आम्हांला कधी कधी वीस वर्षे लागतात.