जामसंड्याची सुरी

कणकवलीस आगगाडींतून उतरून नांदगांव तिठ्यावरून देवगडच्या एस्. टी. नें निघालें, म्हणजे देवगडच्या थोडें अलीकडे जामसंडें लागतें. हापुसाच्या बागा, जांभ्या दगडाचे गडगे आणि तांबडी माती यांचें वर्णन वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका सुरीविषयीं.

आमची धाकटी भगिनी तेथें दिलेली. गेल्या वैशाखांत पंधरा दिवस तिच्या घरीं राहण्याचा योग आला. तिचा बारा वर्षांचा नातू सावंतवाडीच्या चितारआळींतील लांकडी खेळणीं पाहून आलेला. पांगाऱ्याचा पोपट आपण स्वतः कोरणार, हा त्याचा ध्यास. आम्हीं कौतुकानें देवगडच्या बाजारांतून त्यास सुरी आणून दिली. तिला धार बेताचीच होती. "बोथट आहे तेंच बरें, लागणार नाहीं," असें आम्हीं सर्वांसमक्ष बोलूनही दाखविलें. तिसऱ्या दिवशीं त्याच्या डाव्या अंगठ्यास तीन टांके पडले. भगिनी आम्हांस एका शब्दानेंही बोलली नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. सुरी माळ्यावर गेली.

दोन दिवसांनीं दार दुरुस्त करावयास म्हातारा सुतार आला. त्यानें सुरी मागवून नखावर टेकविली. "गुरुजी, सुरयेक धार नाय, म्हणान झीलाचो हात कापलो," तो म्हणाला.

पांगारा इतका मऊ, त्यास तीक्ष्ण हत्यार कशाला, असें वाटतें. प्रकार नेमका उलट आहे. कठीण लांकडाचे तंतू पात्यापुढें ताठ राहतात व कापले जातात. मऊ लांकडाचे तंतू बोथट पात्याखालीं दबतात, चिरडतात. मग मूल जोर वाढवितें, आणि जोर वाढला कीं पातें निसटतें. निसटलेल्या पात्यापुढें बहुधा दुसऱ्या हाताचा अंगठाच असतो.

घरची सहाण (संस्कृतांतील शाण ती हीच) मध्यें खोलगट झालेली. सुतारानें ती बाजूस सारली. जाड काचेच्या तुकड्यावर त्यानें वॉटर पेपर भिजवून पसरला. ओला कागद काचेस धरून राहतो. प्रथम ४०० नंबरचा, मग १००० चा, शेवटीं २००० चा. नंबर वाढेल तसा कण बारीक. पात्याचा उतार कागदास पूर्ण टेकवावयाचा आणि पाठ पुढें करून पातें ओढावयाचें. धार पुढें करून ढकललें तर कागद फाटतो. ओढतां ओढतां पलीकडच्या बाजूस पोलादाची केसाएवढी किनार वळते, ती नखास लागते. ती टोंकापर्यंत लागली म्हणजे बाजू बदलावी. ती न येतांच पुढचा कागद घेणें म्हणजे मुळाक्षरांवांचून जोडाक्षरें गिरविणें.

शेवटीं चामडें. जुना कमरपट्टा फळीवर चिकटवून त्यास हिरव्या पॉलिशची वडी चोळली, आणि न्हावी वस्तरा फिरवी तसें पातें त्यावरून हलकें मागें ओढलें. येथें दाबल्यास चामडें खचून धारेभोंवतीं वर येतें व तीस गोल करतें. आम्हीं हात मागून घेतला. साठी उलटलेला हात. मनगट उचललें गेलें, धार गेली. सुतारानें कांहीं न बोलतां ४०० चा कागद पुन्हां पुढें केला. चाळीस वर्षें आम्हीं मुलांच्या पाट्या अशाच पुसावयास लावल्या होत्या.

दुसऱ्या खेपेस साधलें. पांगाऱ्याचा ढलपा न करकरतां, कांद्याच्या सालीसारखा निघाला, आणि कापलेली जागा चकाकत होती. पोरगा पट्टी बांधलेला हात पाठीमागें धरून पाहत होता. भगिनीनें सुरी घेतली, वहीचा एक कागद हवेंत धरून चिरून पाहिला, खाऱ्या हवेनें गंजूं नये म्हणून पात्यास खोबरेल पुसलें आणि ती आपल्या फडताळांत ठेविली.

"टांके निघाले कीं मिळेल," ती नातवास म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "आणि दादा, तो कोरीत असेल तेव्हां तुम्ही शेजारीं बसायचें."

आमचें परतीचें तिकीट परवांचें होतें. तें आम्हीं पुढें ढकललें.