रजेच्या काळातील पत्ता

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात रजेच्या अर्जाचे स्थान काय असते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. किती दिवस, कोणत्या कारणासाठी आणि रजेच्या काळात मुक्काम कोठे, असे तीन रकाने त्यात असतात. पहिल्या रकान्यावरून वरिष्ठांशी घासाघीस होते. दुसऱ्यात आपण सारेच 'खासगी काम' असे लिहून मोकळे होतो. तिसऱ्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. आम्ही ३४ वर्षे त्या तिसऱ्या रकान्यात एकच पत्ता लिहीत आलो; तो इंदापूर तालुक्यातील आमच्या घराचा. बदल्या झाल्या, मुले तीन भाषांत शाळा शिकली, पण पत्ता बदलला नाही. आई होती तोवर तिच्यासाठी, ती गेल्यावर वाटण्यांसाठी आणि वाटण्या झाल्यावर पुतण्या-भाच्यांच्या लग्नांसाठी आम्ही गावी जात राहिलो. रजा पुष्कळ घेतल्या. सुटी अशी एकही घेतली नाही.

सध्या आमचा मुक्काम सरगूरला आहे. म्हैसूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, कपिला नदीच्या काठी हे गाव वसले आहे. नकाशावर हिलाच कबिनी म्हणतात. केरळातील वायनाडच्या डोंगरात ती उगम पावते आणि तिरुमकूडलु नरसीपूरला कावेरीस मिळते. गावाच्या एका अंगास बीचनहळ्ळीचे कबिनी धरण, दुसऱ्या अंगास नुगू नदीवरचे धरण आणि पलीकडे बंडीपूर-नागरहोळेचे जंगल. कापूस, तंबाखू आणि नाचणी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची कर्जप्रकरणे पाहण्यासाठी आमच्या बँकेने आम्हांस येथे धाडले, आणि निवृत्तीस सव्वा वर्ष उरले असताना येथून पुन्हा हलविण्याचा विचार बहुधा कोणाच्या मनात नसावा.

गेल्या गणपतीत आरती आटोपल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निवृत्तीच्या आत एक रजा आपल्या दोघांसाठी घ्या. मला व्हेनिस बघायचंय."

आम्हांस वाटले होते, त्या काशी म्हणतील. फार तर काश्मीर म्हणतील. व्हेनिस हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ३३ वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. परंतु बँकेतील माणसास कोणत्याही मागणीचा पहिला विचार प्रकरण म्हणून करण्याची सवय असते. आम्ही एक जुनी वही काढली आणि बेताला लागलो.

प्रथम आम्ही पर्याय मांडले. कालव्यांचेच शहर पाहावयाचे तर ॲमस्टरडॅम काय वाईट? तेथील कालव्यांची वर्तुळे सतराव्या शतकात आखून खणलेली. तेथील राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे, असे डच लोक अभिमानाने सांगतात. बेल्जमचे ब्रुगे त्याहून लहान, शांत आणि दोन दिवसांत पाहून होणारे. एके काळी ते युरोपातील मोठ्या व्यापारी शहरांत मोडत असे. पुढे समुद्राकडे जाणारी त्याची वाट गाळाने भरत गेली, व्यापार उठला आणि शहर जसेच्या तसे मागे राहिले. सौभाग्यवतींनी दोन्हींची चित्रे पाहिली व वही परत दिली. "ब्रुगेला समुद्र सोडून गेला, ॲमस्टरडॅम माणसांनी बेतून काढलं. मला ते समुद्रात उभं असलेलंच बघायचंय." हट्ट एवढा स्पष्ट असेल तर प्रकरणात बदल सुचवू नये, हे आम्ही नोकरीत शिकलो आहोत.

मग प्रवासाचे नियम आले. रजा-प्रवास सवलतीत परदेश बसत नाही, तेव्हा खर्च सर्वस्वी आपला. परदेशी जाण्यास वरिष्ठ कचेरीची पूर्वपरवानगी हवी. व्हिसासाठी बेंगळुरूची फेरी हवी, तीस हजार युरोंचे आजारपणाचे विमापत्र हवे आणि बँकेच्या खात्याचा उतारा हवा. दुसऱ्यांचे उतारे तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला आपला उतारा दुसऱ्यापुढे ठेवताना जो संकोच होतो, तो आम्ही प्रथमच अनुभवला.

यानंतर ऋतू. उन्हाळ्यात गर्दी आणि उकाडा, फेब्रुवारीत कार्निव्हलमुळे वाढलेले दर. नोव्हेंबर स्वस्त, पण तेव्हा भरतीचे पाणी शहरात शिरते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले होते आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ पर्यंत. मात्र ऑक्टोबर २०२० पासून तेथील खाडीच्या तिन्ही मुखांशी ७८ लोखंडी दारे कामास लागली आहेत. एरवी ती तळाशी पडून असतात. मोठी भरती येणार असे कळले की त्यांत हवा भरून ती उभी करतात आणि समुद्र बाहेर थोपवितात. आम्ही हे वाचून दाखवीत असता सौभाग्यवतींनी आम्हांस थांबविले आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचावयास सांगितला. "म्हणजे पाणी अडवायचं ते गाव वाचवायला," त्या म्हणाल्या. आम्ही नोव्हेंबर नक्की केला.

मुक्कामाचा प्रश्न अधिक अवघड निघाला. खाडीपलीकडे, जमिनीवरच्या मेस्त्रेत खोल्या स्वस्त. तेथून आगगाडीने पूल ओलांडला की थोड्या मिनिटांत व्हेनिस. आमचा हिशेबी कल अर्थातच मेस्त्रेकडे होता. परंतु दिवसभर हिंडून संध्याकाळी निघून जाणाऱ्यांचा त्या शहरास इतका उबग आला आहे की, अशा पाहुण्यांकडून २०२४ साली त्याने ठरावीक दिवशी पाच युरोंची प्रवेशपट्टी घेण्यास सुरुवात केली. १९५१ साली त्या बेटांवर पावणेदोन लाख माणसे राहत होती. आज ती पन्नास हजारांच्या आत आली आहेत. घरे आहेत, पूल चारशेहून अधिक आहेत, दिवसा पाय ठेवण्यास जागा नसते. पण दिवे लावणारी कुटुंबे दर वर्षी कमी होतात. भाडी परवडत नाहीत, रोजच्या जिनसांची दुकाने जाऊन तेथे शोभेचे मुखवटे येतात, मुले जमिनीवर नोकरीस जातात.

हे आकडे ऐकून सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी न चढताच गाव उठलं म्हणायचं. आपण तिथेच राहू. रात्री कुणाच्या खिडकीत उजेड दिसतो ते बघू." चार दिवसांचे भाडे मेस्त्रेच्या जवळजवळ दुप्पट होत होते. आम्ही ते मुकाट्याने वहीत लिहिले.

'गाव उठलं' हा शब्द त्यांच्या तोंडी का आला, हे आम्हांस कळावयास हवे होते. कळले मात्र तिसऱ्याच माणसामुळे. आमच्या शाखेतून पूर्वी शिपाई म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ अधूनमधून घरी येतात. आमच्या बेताची वार्ता ऐकून ते हसले आणि म्हणाले, "नीर नोडोके अष्टु दूर होगबेका, सार?" पाणी पाहावयास इतके दूर जायला हवे का, असे ते विचारीत होते. त्यांचे गाव कबिनीच्या जलाशयात गेले. त्याच पाण्याच्या पोटात कित्तूर आहे, म्हणजे पुरातन पुन्नाट राज्याची राजधानी कीर्तिपूर. दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने वैडूर्य मिळणारा प्रांत म्हणून पुन्नाटाचा उल्लेख केला आहे. युरोपाला नावाने ठाऊक असलेले ते राज्य, आणि त्याच्या राजधानीवरून आज पर्यटकांच्या नावा हत्ती दाखवीत जातात. त्या गृहस्थांनी राजधानीचे काही सांगितले नाही. आपल्या घराच्या दारात चिंच होती, एवढे सांगितले.

ते गेल्यावर सौभाग्यवतींनी डबा उघडून एक पुतळी आमच्यापुढे ठेवली. त्यांचे माहेर जुने पळसदेव, भीमेकाठचे. १९७० च्या दशकात उजनीचे पाणी चढले आणि गाव उठून वर महामार्गाच्या बाजूस गेले. नुकसानभरपाई हाती पडेपर्यंत नव्या घराच्या भिंती कशा उभ्या करावयाच्या, म्हणून आईची पुतळ्यांची माळ विकली गेली; तीतील ही एक उरली. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे नाणे, असे जाणकार सांगतात. १२८४ पासून पाचशे वर्षे त्या शहराने ते सोन्याचे नाणे एकाच छापाचे पाडले. मिऱ्यांच्या व्यापारात ते अलेक्झांड्रियाच्या मार्गाने हिंदुस्थानात येई, आणि त्यावरील माणसांच्या आकृती पाहून आपल्याकडे त्यास पुतळी म्हणू लागले. पुढे सोनारांनी त्याच्या नकला केल्या. आमच्या घरची अस्सल की नक्कल, हे आम्ही तपासले नाही. सोने तारण ठेवून घेण्याचा धंदा करूनही नाही.

"शाळेत एक दिनदर्शिका होती," त्या सांगू लागल्या. "तिच्यावर पाण्यात उभी असलेली घरं. गुरुजी म्हणाले, ते व्हेनिस, तिथे माणसं राहतात. तेव्हा गावात पाणी येणार म्हणून बोलणं चालू होतं. मी विचारलं, मग आपण का उठायचं? आपणही तसंच राहू. गुरुजी काही बोलले नाहीत." पाणी आल्यावर त्या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. नव्या पळसदेवला माहेरपणास गेल्या. पाण्याच्या काठाशी गेल्या नाहीत. आमचे गाव तेथून फार दूर नव्हे. इतक्या वर्षांत आम्ही त्यांस हे कधी विचारलेही नव्हते.

त्या रात्री आम्ही वही पुन्हा उघडली. बारा दिवसांची रजा मागावयाची होती. आम्ही ती आठ आणि चार अशी विभागली. आठ दिवस नोव्हेंबरात व्हेनिससाठी. चार मे महिन्यात, उजनीचे पाणी ओसरते तेव्हा. दुष्काळी साली पाणी फार खाली गेले की जुन्या पळसनाथाचे देऊळ उघडे पडते, आणि लोक चिखल तुडवीत तेथवर जातात. ते दिसेल, असे सांगता येत नाही. न दिसले तर काठावर बसून येऊ, असे ठरले.

दोन अर्ज लिहिले. नोव्हेंबरच्या अर्जात तिसऱ्या रकान्याला प्रथमच नवा मजकूर मिळाला. व्हेनिसच्या पत्त्यात गल्लीचे नाव नसले तरी चालते. शहराच्या सहा पेठांपैकी एकीचे नाव आणि पुढे चार आकडी क्रमांक, एवढ्यावर टपाल पोहोचते. आम्ही तेवढेच लिहिले. मेच्या अर्जात 'मु. पो. पळसदेव, ता. इंदापूर' असे लिहून कागद सौभाग्यवतींपुढे धरला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "जुने लिहा."

आम्ही 'जुने' हा शब्द वर घातला. दोन्ही अर्ज आठवड्याने मंजूर होऊन आले. पत्त्याविषयी कोणी काही विचारले नव्हते.