शून्य गुणांची बेरीज

कौटुंबिक समुपदेशनात पहिल्याच भेटीत पुष्कळदा एक कागद पुढे ठेवला जातो. त्याचे एक परिचित रूप म्हणजे ‘पीएचक्यू-९’. मागील २ आठवड्यांत मन उदास होते का, झोप लागली का, असे ९ प्रश्न. प्रत्येकास ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० वा अधिक आल्यास तज्ज्ञाकडून पुढील तपासणी व्हावी, असा संकेत आहे.

व्यापारी कुटुंबांना हा प्रकार नवा वाटू नये. कॅश क्रेडिट खात्यासाठी दिलेले स्टॉक स्टेटमेंट हेही स्वयंनिवेदनच. बँक ते स्वीकारते, आणि तरीही अधिकारी अधूनमधून गोदामात जाऊन माल पाहतोच. फरक इतकाच, की तेथे साठा फुगविण्याचा मोह असतो, तर घरातील सून आपले दुःख कमी करून लिहिते. शेजारी सासूबाई बसलेल्या, नणंदेसाठी स्थळे पाहणे चालू. अशा वेळी सर्व रकान्यांत शून्य पडले तर त्याचा अर्थ ‘सर्व कुशल’ असा नव्हे. जाणती कार्यकर्ती म्हणूनच आधी एकान्त मिळवते आणि हा कागद कोण पाहणार, हे स्पष्ट सांगते.

तत्त्वार्थसूत्रातील प्रायश्चित्ताच्या ९ भेदांत आलोचना पहिली. तिचे १० दोष आचार्यांनी सांगितले आहेत. इतरांनी पाहिले तेवढेच सांगणे, हा ‘दृष्ट’ दोष. गलबल्यात ऐकू न जाईल असे सांगणे, हा ‘शब्दाकुलित’. प्रश्नावली भरतानाही नेमके हेच घडते. मात्र आलोचना स्वतःच्या दोषांची असते. मनाचा आजार हा दोष नव्हे, आणि ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना आधी सांगावी लागते, सुनेला नंतर.

नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तेथे १ गुण जरी पडला, तरी एकूण बेरीज लहान म्हणून कागद फाईलमध्ये ठेवता येत नाही. त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर, पुढचे बोलणे व्हावे लागते. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही ठाऊक असावा.

काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली जाते. पहिल्या वेळी शून्य लिहिणारीची बेरीज आता ११ आली, तर घरचे घाबरतात. समुपदेशनाने बिघडली, असे म्हणतात. पुष्कळदा तिने पहिल्यांदाच खरे लिहिलेले असते.