राखीव हवा

स्कूबाचे प्रमाणपत्र हाती आले आणि अंदमानमधील स्वराज द्वीपाच्या पहिल्या सफरीचा बेत मी वहीत मांडला : खोली 18 मीटरपर्यंतच, सोबत्याला सोडून कोठे जाणे नाही, सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा, त्यातील 50 शिल्लक असतानाच वर यावयाचे. वडिलांनी ती वही पेढीच्या खतावणीसारखी तपासली.

"शेवटची बुडी दुपारी आणि विमान दुसऱ्या पहाटे?"

मी वरमलो. अनेक बुड्यांनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन ओसरावा म्हणून उड्डाणापूर्वी किमान 18 तास थांबावे, हे मीच त्यांना सांगितले होते. तिकीट बदलण्याचा भुर्दंड सोसून एक दिवस वाढविला.

महिनाभर अबोल असलेली आई तेव्हा म्हणाली, "मग खाकरे एका दिवसाचे जास्त देते."

तीच तिची अनुमती होती.